आईचं तोंड बघायचा दिवस

"माझं नाव जौकला. माझी आई मेली."

बालगृहाच्या फाटकात पाय ठेवल्या ठेवल्या हे माझं स्वागत. आठ-नऊ वर्षांची पोर, हातात झेंडूची माळ, गाल थंडीनं उललेले. तिनं माळ माझ्या गळ्यात घातली, बाजूला सरकली आणि मागचा मुलगा पुढं आला. "माझं नाव नरबीर. माझी आई मेली." मग तिसरी, मग चौथा. पंधरा-सोळा लेकरं ओळीनं आली आणि बालवाडीत 'एक होता कावळा' म्हणतात त्या चालीवर आपापली आई मेल्याचं सांगून गेली. मी सिन्नरला वीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई, लहान पोरांच्या तोंडून काय वाटेल ते ऐकलंय. पण असं कधी ऐकलं नव्हतं.

शेजारी बालगृहाचे चालक प्रेमराज सर उभे होते. स्वच्छ सदरा, कपाळाला टिळा, बनारसला शिकलेले म्हणून हिंदी फर्डी. ते हळूच म्हणाले, "दीदी, यांना लपवायला शिकवत नाही मी. दुःख बोललं की हलकं होतं."

मला ते पटलं. पटण्याचं कारणही सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, पोरीला सांगायचं नाही. "आई गावाला गेलीय" म्हणून काकूनं सांगितलं आणि मी दोन वर्षं दर एसटीला फाट्यावर जाऊन उभी राहिले. शेवटी वर्गातल्या एका मुलीनं भांडणात तोंडावर फेकलं, तेव्हा कळलं. तेव्हापासून मला मुलांशी खोटं बोलणारी माणसं डोळ्यांसमोर नकोत. त्यामुळं मेलेल्या आईला मेली म्हणणारा हा माणूस मला तिथल्या तिथं आवडला.

मी तिथं कशी पोहोचले ते विचारू नका. माझं स्वतःचं मूल नाही, बालवाडी सुनेसारख्या एका पोरीच्या हाती सोपवली होती, आणि पुतण्यानं इंटरनेटवर शोधून दिलं की नेपाळात अनाथ मुलांना सांभाळायला स्वयंसेवक लागतात. आळीत केवढी चेष्टा झाली. शेजारच्या उषाताई म्हणाल्या, "परदेशी निघाली म्हणे, आणि तेही पासपोर्टशिवाय, मतदानाच्या कार्डावर." आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, महिनाभर तरी घरात शांतता." मी गोरखपूरपर्यंत रेल्वेनं, सीमा चालत आणि पुढं डोंगरातल्या बसनं आतडी वर-खाली करत काठमांडूच्या खोऱ्यात उतरले.

पोरं गोड होती. मी त्यांच्या उवा काढल्या, नखं कापली, तेल घालून वेण्या घातल्या. सरांच्या ऑफिसातल्या टीव्हीवर हिंदी मालिका बघून बघून त्यांना हिंदी येत होती, त्यामुळं आमचं जमलं. "मला मिस म्हणायचं नाही," मी सांगितलं, "मावशी म्हणायचं."

"मावशी म्हणजे?" जौकलानं विचारलं. मी तिचे केस विंचरत होते.

"आईची बहीण."

ती गप्पकन वळली. फणी तशीच केसात अडकली. "तुम्ही माझ्या आईला बघितलंय?"

"नाही गं बाळा."

"मग बहीण कशा?"

मी म्हटलं, "मानलेली." ती परत वळून बसली आणि म्हणाली, "तिच्या हनुवटीवर गोंदलंय. तीन ठिपके. कुठं दिसली तर तुम्हाला ओळखू येईल." मला वाटलं, झालं, हिचं माझ्यासारखंच. तोंडानं मेली म्हणते आणि मनातून अजून फाट्यावर उभी आहे.

वैशाखातली अमावास्या आली. सकाळी मी पाणी तापवायला गच्चीवर गेले तर सर त्यांच्या आईसमोर बसले होते. म्हातारी वर उन्हात बसून असायची, दात नव्हते, पण चेहरा कसा तृप्त. सरांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं, तांदळाच्या पिठाची गोड सेलरोटी दुधात कुस्करून स्वतःच्या हातानं भरवली आणि मग कितीतरी वेळ नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसले.

"आज काय आहे?" मी विचारलं.

"आईचं तोंड बघायचा दिवस, दीदी. आज जगात कुठंही असला तरी नेपाळी माणूस आईचं तोंड बघायला येतो. गोडधोड घालतो."

"आणि ज्याची आई नाही त्यानं?"

"त्यानं तीर्थावर जायचं. स्नान, तीळ-पाणी, शिधा. मोठं तीर्थ लांब आहे, तिथं आज मुंगीला वाट नसते. आपल्या गावाखाली छोटं कुंड आहे, इथले लोक तिथंच करतात." ते हसले. "म्हणतात की एका गुराख्याला तळ्याच्या पाण्यात मेलेली आई दिसली होती. अजून दिसते म्हणतात. डोळे भरून पाण्यात बघितलं तर आईचं तोंड वर येतं."

झालं. माझ्या डोक्यात वीज चमकली. खाली न्याहारीला बसल्यावर मी विषय काढला. "सर, आज मुलांना कुंडावर नेऊ या."

त्यांचा हात ताटातच थांबला. "नको. रडतील."

"रडू देत की. माझ्या आईचं पाणी मला कुणी सोडू दिलं नाही, ते अजून सलतंय. तुम्हीच म्हणता, दुःख बोललं की हलकं होतं."

"लहान आहेत, दीदी. गर्दी असते, पाणी खोल."

"मी आहे ना. बालवाडीची सहल नेलीय मी गोदाघाटावर, एकही पोर भिजवलं नाही."

टेबलाशी एक परदेशी जोडपं बसलं होतं. बालगृहाला वर्षानुवर्षं मदत करणारी माणसं, दोघंही साठीच्या पुढची. बाईनं विचारलं, काय चाललंय. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं नवऱ्याचा हात धरला, नवऱ्यानं कॅमेरा उचलला. अनाथ पोरांना आईचं पाणी का सोडू द्यायचं नाही, याचं कारण त्या पाहुण्यांसमोर सरांना सापडेना. ते म्हणाले, "ठीक आहे." मी मुलांना तयार करायला उठले. खरं तर मला तेव्हाच दिसायला हवं होतं. सणाचे कपडे म्हटल्यावर नाचणारी पोरं एकदम मुकी झाली होती. नरबीरनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. जौकला नुसती उभी राहिली, सदऱ्याच्या बाह्यांत तिचे हात मलाच घालावे लागले. मी म्हटलं, भावना आहे, चालायचंच.

कुंड भातखाचरांच्या खाली होतं. दगडी पायऱ्या, मध्ये हिरवं पाणी, काठावर पिंपळ. पंधरा-वीस गावकरी आपापलं उरकत होते. एका म्हाताऱ्या पंडितजींनी मुलांना शेवटच्या पायरीवर ओळीनं बसवलं, पुढं तीळ, जव, दर्भ आणि पाण्याचा तांब्या ठेवला. मी मागं वळून बघितलं. सर वरतीच पिंपळाखाली थांबले होते, पायरीपासून चांगले दहा हात लांब.

"या की खाली," मी हाक मारली.

"मी नाही येत, दीदी. माझी आई आहे ना." किती सहज म्हणाले. "ज्याची आई आहे त्यानं या पाण्याला आज शिवायचंही नसतं. आईचं आयुष्य तुटतं."

आपल्याकडेही तेच. बाप हयात असताना कोण तर्पणाला बसतं? मी मान डोलावली आणि पायऱ्या उतरले. माझ्याही मनात एक चोर होता. मुलांचं झालं की मीही वाकून बघणार होते. पन्नाशी उलटली तरी आईचा चेहरा मला नीट आठवत नाही, एका लग्नाच्या फोटोत अर्धा दिसतो तेवढाच.

"आईला आठवा," पंडितजी म्हणाले. "पाण्यात बघा आणि तिचं नाव घ्या."

मी ओळीकडे बघितलं. पंधरा-सोळा लेकरं काठावर बसलेली आणि सगळ्यांचे डोळे घट्ट मिटलेले. साधे मिटलेले नव्हे, इंजेक्शनच्या सुईपुढं पोरं मिटतात तसे आवळून, नाकाला सुरकुत्या पडेपर्यंत. फक्त मनसरा नावाची एक छोटी मुलगी शांतपणे पाण्यात बघत होती आणि बोटानं पाणी ढवळत होती. वरून परदेशी बाईंच्या हुंदक्याचा आवाज येत होता.

पंडितजी जौकलाशी आले. "बाळ, आईचं नाव?"

तिनं तोंड फिरवलं. त्यांनी तिचा हात ओढून ओंजळीत तिळाचं पाणी ओतलं. तिनं मूठ आवळून छातीशी घेतली, पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं. त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले.

"डोळे उघड, बाळा. बघ तरी, आई दिसेल."

तिनं जोरजोरात मान हलवली.

"घाबरतेस कशाला? आपलीच आई ना?"

"दिसली तर?"

"दिसली तर बरंच की."

"दिसली तर मेली," जौकला म्हणाली.

मला क्षणभर समजलंच नाही. मी तिच्या कानाशी वाकले. "म्हणजे? आता कुठं आहे तुझी आई?"

तिनं डोळे न उघडताच मान वर, पिंपळाखाली सर होते त्या दिशेला वळवून कानोसा घेतला. मग इतक्या हळू बोलली की मला तिच्या ओठांना कान लावावा लागला. "घरी. जव कापत असेल."

"तू तर मला पहिल्या दिवशी सांगितलंस, आई मेली."

"पाहुण्यांना तसंच सांगायचं असतं. सर म्हणतात, नाहीतर शाळा बंद, जेवण बंद." तिनं माझं मनगट धरलं. "पण मी खूप वेळा सांगितलं, मावशी. सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. सांगून सांगून ती खरंच मेली असेल तर?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझं उलटंच झालं. डोक्यापासून पायापर्यंत सगळं गार पडलं. मी त्या आवळलेल्या डोळ्यांची ओळ परत बघितली आणि मग मला एकेक तोंड वाचता यायला लागलं. ही पोरं प्रार्थना करत नव्हती. आपली आई पाण्यात दिसू नये म्हणून जिवाच्या आकांतानं डोळे आवळून बसली होती. आणि त्यांना तिथं हात धरून, वेण्या घालून, सणाचे कपडे चढवून मी आणलं होतं.

"पंडितजी, तांब्या खाली ठेवा." मी उठून उभी राहिले. "जिवंत बायकांचं पाणी सोडताय तुम्ही."

म्हाताऱ्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "काय बोलता, बाई?"

"तुम्हीच विचारा यांना. तुमच्या भाषेत विचारा."

त्यांनी तांब्या ठेवला. ओळीच्या टोकापासून निघाले, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत, "आमा छ?" आई आहे? डोळे मिटलेलं पहिलं डोकं हललं, हो. दुसरं, हो. नरबीर हो म्हणाला आणि त्यानं सगळ्यांसमोर चड्डी ओली केली. फक्त मनसरा म्हणाली, नाही. तिची खरीच गेली होती, म्हणून तर ती एकटी पाण्यात बघत होती. पंडितजी पायरीवर बसले. त्यांचे ओठ हलत होते. कसला तरी मंत्र असावा. काठावरचे गावकरी एकेक करून उठून आमच्याभोवती जमले.

मी पिंपळाकडे बघितलं. सर अजून तिथंच होते, दहा हात लांब.

मी चार पायऱ्या चढून गेले. "ऐकलंत ना?"

ते शांतपणे म्हणाले, "दीदी, तुम्ही नवीन आहात. यांचे आई-बाप माझ्या पाया पडून मुलं देतात. डोंगरात शाळा नाही, दवाखाना नाही. नुसत्या गरीब मुलाला कोण बघायला येतं? अनाथ म्हटलं की दार उघडतं. सगळे असंच करतात. शब्दच तर आहे."

"शब्दच आहे?"

"नाहीतर काय. बोलल्यानं कोण मरतं?"

"मग उतरा खाली," मी म्हणाले. "तुम्हीही नुसतं बोला. पाण्यात पाय ठेवा, आईचं नाव घ्या, ती मेली म्हणा आणि ओंजळ सोडा. शब्दच तर आहे."

ते हलले नाहीत. सगळं कुंड त्यांच्याकडे बघत होतं. पंडितजी, गावकरी, कॅमेरा खाली धरलेला तो परदेशी म्हातारा. सरांनी एकदा पायऱ्यांकडे बघितलं आणि एक पाऊल मागं घेतलं. मग वळले आणि भाताच्या बांधावरून घराकडे चालायला लागले, जवळजवळ पळतच. त्या एका पावलानं माझी उरलीसुरली शंका फिटली. बोलल्यानं काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. स्वतःच्या आईपुरतं माहीत होतं.

पुढचं सगळं कचेऱ्यांचं लचांड. पंडितजी साक्षीला आले, झिजलेल्या चपला घासत माझ्याबरोबर चार-चार टेबलं फिरले. मुलांना सरकारी देखरेखीत त्याच घरात ठेवलं, सर रातोरात कुठं गेले ते कळलं नाही, आणि गच्चीवरची त्यांची म्हातारी मला रोज विचारायची, पोरगा जेवला का. मी हो म्हणायचे. आयुष्यभर ज्या खोट्याचा राग केला तेच मी त्या बिचारीला रोज भरवत होते. मुलांच्या गावांना निरोप गेले, पण ती गावं कुठं, तर रस्ता संपतो तिथून पुढं तीन-तीन दिवस चालत.

तोवर जौकलानं पाण्याशी वैर धरलं. तोंड धुवायची तर डोळे मिटून. पेल्यातलं पाणी प्यायची तर डोळे मिटून. अंगणात नळाखाली भरलेली बादली असली की भिंतीला चिकटून, तोंड फिरवून जायची. मी म्हणायचे, "अगं, आई चांगली आहे तुझी." ती विचारायची, "तुम्ही बघितलंय?" मी बघितलेलं नव्हतं. निरोप घेऊन गेलेल्या माणसाचा पत्ता नव्हता आणि महिना उलटून गेला होता. आमच्या ह्यांचे फोनवर फोन येत होते. मला एकच भीती होती, जी मी कुणाला बोलले नाही. डोंगरातली बाई, साध्या तापानंही जायची. ती खरंच नसली तर या पोरीला मी काय सांगणार होते?

एका दुपारी फाटकाची कडी वाजली. दारात एक वाळकी बाई, पाय धुळीनं पांढरे, पाठीवर कापडाचं गाठोडं. हनुवटीवर तीन ठिपके.

तिनं मला वाकून नमस्कार केला आणि गाठोडं पुढं केलं. तिची भाषा मला कळेना, पंडितजी अंगणात बसले होते, त्यांनी सांगितलं. "अक्रोड आहेत. सरांसाठी आणलेत म्हणते. सर कुठं आहेत विचारते. आणि विचारते, पोरगी नापास झाली का, म्हणून बोलावलंत का. एवढ्या मोठ्या शाळेतून काढू नका म्हणते, ती पाया पडायला तयार आहे."

मी अक्रोड हातात घेतले आणि नळाकडे बोट दाखवलं.

जौकला नळाशी भांडी घासत होती. फाटकातून आईचा आवाज ऐकून तिचा हात थांबला. तिनं मागं बघितलं नाही. डोळे मिटले, अगदी त्या दिवशीसारखे आवळून, आणि चाचपडत उठली. हातानं नळाखालची भरलेली बादली शोधली आणि ढकलून आडवी केली. मग घमेलं उलटं केलं. मग पेला. अंगणातलं होतं नव्हतं तेवढं पाणी तिनं सांडलं, आणि ते वाहून जाईपर्यंत तशीच मिटल्या डोळ्यांनी, मुठी आवळून उभी राहिली.

बाई फाटकातून ताडताड आत आली. तिच्या गावात पाणी खालच्या नदीवरून डोक्यावर आणावं लागतं, हे मला नंतर समजलं. तिनं आडवी बादली उचलून दाणकन उभी केली आणि पोरीवर खेकसली. पंडितजींनी डोळे पुसत मला सांगितलं, "म्हणते, भरलं पाणी सांडतेस? एवढ्या लांब पाठवून हेच शिकलीस का?"

ती ओरडत होती तेव्हाच जौकलानं डोळे उघडले.